'क्वारंटाइन' : अर्थ, व्याप्ती आणि वापर

काही परकीय शब्द भाषेत हळूहळू मुरतात, तर काही एखाद्या संकटाबरोबर येतात आणि चार-सहा आठवड्यांत घरोघर पोहोचतात. 'क्वारंटाइन' हा दुसऱ्या प्रकारचा शब्द होय. बंदरांवरील व विमानतळांवरील आरोग्याधिकारी, पशुवैद्यक आणि परदेशातून बियाणे वा कलमे मागविणारे मोजके लोक यांच्यापलीकडे मार्च २०२० पूर्वी हा शब्द फारसा कोणाच्या कानी नव्हता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो ग्रामपंचायतींच्या फलकांवर, शाळांच्या फाटकांवर आणि गावच्या दवंडीतही आला. ग्रामीण बोलीने 'कोरोना'च्या नादाने त्याचे 'कोरंटाइन' केले. मूळ इंग्रजी उच्चार 'क्वॉरंटीन' असा असला, तरी मराठी जिभेने 'टाइन' पसंत केले. यात वावगे काहीच नाही. अनेक परकीय शब्द आपल्या वळणाने घडविलेल्या या भाषेला अशा रूपांतराचा संकोच वाटण्याचे कारण नाही. उच्चार बदलला म्हणून कोणाच्या आरोग्यास धोका पोहोचत नाही. या शब्दाच्या बाबतीत मात्र अर्थही बदलला, आणि त्यातून अनेक ठिकाणी प्रत्यक्ष हानीही झाली.

त्या दिवसांतील काही वाक्ये आठवून पाहावीत. 'रुग्णाला क्वारंटाइन केले', 'मुंबईहून आलेल्यांना क्वारंटाइन केले', 'अख्खी गल्ली क्वारंटाइन झाली', 'दवाखाना क्वारंटाइनसाठी घेतला'. चारही वाक्यांत शब्द एकच, परंतु अर्थ चार. पहिल्या वाक्यात आजारी माणूस आहे, दुसऱ्यात धडधाकट माणूस आहे, तिसऱ्यात वस्तीची नाकेबंदी आहे आणि चौथ्यात नेमके काय आहे, हे आदेश वाचल्याखेरीज सांगता येत नाही. वृत्तपत्रांत, प्रसिद्धिपत्रकांत आणि बैठकांच्या इतिवृत्तांत हे सर्व अर्थ एकमेकांत मिसळून गेले होते.

आजारी आणि संशयित

वैद्यकशास्त्रात या शब्दाचा अर्थ अगदी नेमका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी २००५ मध्ये स्वीकारलेले आणि १५ जून २००७ पासून अंमलात आलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम यांत दोन शब्दांची स्वतंत्र व्याख्या दिली आहे. ज्यांना रोग झालेला आहे अशा व्यक्तींना इतरांपासून दूर ठेवणे म्हणजे 'आयसोलेशन'. ज्यांना रोग झालेला नाही, परंतु रोग्याच्या सहवासामुळे वा रोगग्रस्त प्रदेशातून आल्यामुळे तो होण्याचा संशय आहे, अशांच्या हालचालींवर निर्बंध घालणे वा त्यांना इतरांपासून वेगळे ठेवणे म्हणजे 'क्वारंटाइन'. सामान, वाहने, जहाजे व जनावरे यांनाही हाच भेद लागू होतो.

एका घरात पाच माणसे आहेत आणि कर्त्या पुरुषाला संसर्ग झाल्याचे तपासणीत आढळले, असे समजू. तो आता रुग्ण होय. त्याचे आयसोलेशन करावयाचे. उरलेली चार माणसे रुग्ण नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या शरीरात रोगजंतू शिरले असतील किंवा चौघांपैकी कोणाच्याही शरीरात ते नसतील. तसे कळण्यास काही दिवस जावे लागतात. तेवढे दिवस त्यांनी गावात न मिसळता राहणे, हे त्यांचे क्वारंटाइन. म्हणजे 'रुग्णाला क्वारंटाइन केले' हे वाक्य मुळातच चुकीचे ठरते.

निरोगी माणसाच्या क्वारंटाइनचे एक ठळक उदाहरण म्हणजे चंद्रावर जाऊन आलेले पहिले अंतराळवीर. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स हे तिघे २४ जुलै १९६९ रोजी पृथ्वीवर परतले, तेव्हा त्यांची प्रकृती उत्तम होती. तरीही चंद्रावरून एखादा अज्ञात जंतू आला असल्यास तो पसरू नये म्हणून, चंद्रभूमी सोडल्यापासून २१ दिवस पूर्ण होईपर्यंत त्यांना बंदिस्त जागेत ठेवण्यात आले. राष्ट्राध्यक्षांनी त्यांचे स्वागत केले तेही काचेपलीकडून. चंद्रावर तसे काही नाही याची खात्री पटल्यानंतर, १९७१ च्या अपोलो-१४ मोहिमेनंतर ही प्रथा बंद झाली. शंका होती तोवर निर्बंध होते. ती फिटली तसे निर्बंधही उठले.

चाळीस दिवसांची गोष्ट

या शब्दाची व्युत्पत्ती मनोरंजक आहे. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात. त्याचे लॅटिन मूळ 'क्वाद्रागिंता' हे असून संस्कृत 'चत्वारिंशत्' आणि आपले 'चाळीस' हे त्याचेच नातेवाईक होत. तेव्हा शब्दशः भाषांतर करावयाचे तर क्वारंटाइनला 'चाळिशी' म्हणावे लागेल. परंतु मराठीने तो शब्द उतारवयातील चष्म्याला आधीच देऊन टाकला आहे. इंग्रजी कायद्यात हाच शब्द पूर्वी निराळ्या अर्थाने वापरात होता. पतीच्या निधनानंतर विधवेला त्याच्या घरात चाळीस दिवस राहण्याचा जो हक्क असे, त्यालाही 'क्वारंटाइन' म्हणत.

चौदाव्या शतकात युरोपात प्लेगने कहर केला, तेव्हा एड्रियाटिक समुद्राकाठच्या रगूसा या नगरराज्याने, म्हणजे आजच्या क्रोएशियातील डुब्रॉव्हनिकने, १३७७ मध्ये एक नियम केला. प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांनी नगरात प्रवेश करण्यापूर्वी जवळच्या बेटावर वा गावात तीस दिवस काढावयाचे. पुढे तीसचे चाळीस झाले. चाळीस हाच आकडा का, यामागे ग्रीक वैद्यकातील एक समजूत होती, तसेच बायबलमधील चाळीस दिवसांच्या कथांचेही वजन होते. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारले आणि १४६८ मध्ये दुसऱ्या बेटावर संशयित जहाजे, खलाशी व माल यांच्यासाठी वेगळे ठाणे केले. रोगजंतू म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या त्या व्यापारी नगराने रुग्ण आणि संशयित यांना एका बेटावर ठेवले नाही, ही गोष्ट आजच्या प्रशासकांनीही नोंद घ्यावी अशी आहे.

आपल्याकडील लोकांना ही व्यवस्था प्रथम भेटली ती समुद्रावर. मुंबईहून हज यात्रेस निघालेल्या जहाजांना तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर थांबावे लागे. १८८२ मध्ये तेथे क्वारंटाइनचे ठाणे सुरू झाले होते. मॉरिशसला मजुरीसाठी नेल्या जाणाऱ्या भारतीयांचा अनुभव अधिक भीषण होता. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या जहाजांतील मजुरांना किनाऱ्यावर न घेता एका ओसाड बेटावर उतरविण्यात आले आणि निवारा, पाणी व औषधोपचार यांच्या अभावी त्यांतील शेकडो जण दगावले. माणसे वेगळी ठेवली, पण त्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, तर काय होते याचा हा दाखला आहे.

पुण्यातील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या नेतृत्वाखाली प्लेग समिती नेमण्यात आली. रुग्णाला रुग्णालयात आणि त्याच्या नातलगांना 'सेग्रिगेशन कॅम्प'मध्ये न्यावयाचे, अशी पद्धत होती. केवळ शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर यात रुग्ण आणि संशयित यांचा भेद बरोबर पाळलेला दिसतो. परंतु गोऱ्या शिपायांनी घरांत शिरून घेतलेल्या झडत्या, स्त्रियांची अप्रतिष्ठा, सामानाची जाळपोळ आणि आपला माणूस कोठे नेला याची घरच्यांना न मिळणारी वार्ता यांमुळे लोक प्लेगपेक्षा प्लेगच्या अंमलदारांना अधिक भ्याले. रुग्ण लपविले जाऊ लागले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत १८९८ मध्ये प्रयोगाने दाखविले. म्हणजे गाठीच्या प्लेगात माणसाला माणसापासून तोडण्याचा लाभ मर्यादित होता. उंदरांच्या घरातून माणूस बाहेर काढणे अधिक उपयोगाचे. मेलेले उंदीर दिसू लागताच गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहण्याची जी रीत आपल्या खेड्यांनी अवलंबिली, ती शास्त्राला धरूनच होती. मात्र तिला क्वारंटाइन म्हणता येणार नाही. ते स्थलांतर होय.

दिवस कसे मोजावयाचे

क्वारंटाइनचा काळ शब्दाच्या अर्थावरून ठरत नाही, रोगावरून ठरतो. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला 'अधिशयन काळ' म्हणतात. पक्षी अंड्यावर बसून ती उबवितो, त्या क्रियेवरून हा शब्द आला आहे आणि इंग्रजी 'इन्क्युबेशन'चाही अर्थ तोच. कोविड-१९ मध्ये हा काळ २ ते १४ दिवसांचा धरण्यात आला, म्हणून क्वारंटाइन १४ दिवसांचे ठरले. पीतज्वरात तो ३ ते ६ दिवसांचा असतो. त्यामुळे पीतज्वराच्या देशातून लसीकरणाच्या प्रमाणपत्राविना भारतात येणाऱ्या प्रवाशाला ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. आपल्या देशात पीतज्वर नाही, पण तो पसरविणारा डास मात्र मुबलक आहे, हे यामागचे कारण. कांजिण्यांत हाच काळ १० ते २१ दिवसांचा असतो.

हे दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजावयाचे असतात. आदेशावर सही झाली त्या दिवसापासून नव्हे, अथवा माणूस शाळेच्या खोलीत दाखल झाला त्या दिवसापासूनही नव्हे. याचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. एकाच वर्गखोलीत दहा माणसे ठेवली आणि बाराव्या दिवशी त्यांपैकी एकाला ताप आला, तर उरलेल्या नऊ जणांचे आधीचे बारा दिवस वाया जातात. त्या रुग्णाशी आलेल्या शेवटच्या संपर्कापासून त्यांची मोजणी नव्याने सुरू होते. रोज नवी माणसे त्याच खोलीत येत राहिली, तर मोजणीला अर्थच उरत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे प्रवासी जहाज क्वारंटाइनमध्ये ठेवण्यात आले होते. जहाजावरील ३,७११ जणांपैकी अखेरीस ७१२ जणांना संसर्ग झाल्याचे आढळले. सर्वांना एकत्र कोंडून ठेवणे आणि प्रत्येकाला वेगळे ठेवणे यांतील अंतर या उदाहरणावरून ध्यानी यावे.

मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून हजारो माणसे कोकणात, मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात आपापल्या गावी परतली, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळा हाच बहुतेक गावांचा आधार होता. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांनी तेथे केलेले काम फार मोठे आहे. ज्या गावांनी ज्या दिवशी आलेली माणसे त्या दिवसाच्या खोलीत ठेवली, कुटुंब एकत्र ठेवले पण दोन कुटुंबे एकत्र ठेवली नाहीत आणि स्वच्छतागृहांची विभागणी केली, त्यांनी शब्दाचा अर्थ जाणला होता असे म्हणावे लागेल. सगळ्यांना एका सभागृहात सतरंज्या टाकून निजविण्यात क्वारंटाइन होत नाही. त्याच वर्षी गणेशोत्सवासाठी कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांसाठी १४ ऐवजी १० दिवसांचा काळ ठरविण्यात आला. सणाची निकड आणि शास्त्राची निकड यांची ती तडजोड होती आणि तशी तडजोड करणे हा शासनाच्या कामाचा भागच असतो.

मराठी प्रतिशब्द

शासकीय मराठीत क्वारंटाइनसाठी 'अलगीकरण' आणि आयसोलेशनसाठी 'विलगीकरण' असे दोन शब्द योजले गेले. कल्पना चांगली, परंतु व्यवहारात ती टिकली नाही. 'अलग' आणि 'विलग' हे मराठी कानाला जुळे भाऊ वाटतात. परिणामी 'गृह विलगीकरण' हा शब्द कोठे संशयितासाठी, तर कोठे सौम्य लक्षणांच्या रुग्णासाठी वापरला गेला. एकाच कार्यालयाच्या दोन परिपत्रकांतही असा घोळ आढळे. प्रतिशब्द घडविताना तो केवळ व्याकरणशुद्ध असून भागत नाही. घाईत, दूरध्वनीवर, अर्धवट ऐकणाऱ्यालाही तो दुसऱ्या शब्दापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते 'विलगीकरण' हा शब्द रुग्णासाठी राखून ठेवावा आणि संशयितासाठी 'क्वारंटाइन' हाच रुळलेला शब्द ठेवावा. शब्द कोणताही असो, आदेशात माणूस रुग्ण आहे की संशयित हे स्पष्टपणे लिहिले म्हणजे निम्मा गोंधळ टळतो.

शिक्षकांना हा भेद साथीविनाही उपयोगी पडतो. कांजिण्या आलेल्या मुलाला सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत येऊ न देणे, हे विलगीकरण. त्याच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला सरसकट घरी बसविण्याची गरज नसते; त्याच्यावर लक्ष ठेवले म्हणजे पुरे. कुष्ठरोगाच्या बाबतीत तर बहुविध औषधोपचार सुरू झालेल्या रुग्णाला वेगळे ठेवण्याचे कारणच उरत नाही, आणि तरीही जुन्या भीतीचे अवशेष काही ठिकाणी शिल्लक आहेत.

आपल्या समाजात ठरावीक दिवस वेगळे राहण्याच्या कल्पना जुन्याच आहेत. सुतकाचे दिवस आहेत, सोयर आहे, बाळंतिणीचा सव्वा महिना आहे. त्यामुळे क्वारंटाइन समजावून सांगताना सुतकाचा दाखला देण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळणे बरे. सुतकाला शुद्धाशुद्धतेची कल्पना चिकटलेली आहे आणि तीमागून विटाळ येतो, विटाळामागून वाळीत टाकणे येते. मार्च २०२० मध्ये घरी क्वारंटाइन केलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्याचा निर्णय राज्यात झाला. निर्बंध मोडून प्रवास करणारे लोक त्यामुळे ओळखता आले, हे खरे. परंतु मुदत संपल्यावरही शिक्क्याच्या खुणेकडे बोट दाखविणारे लोक भेटले, हेही खरे. मुदत पूर्ण केलेल्या कुटुंबाला पाणवठ्यावर वा किराणा दुकानात मज्जाव करणे, हा आरोग्याचा उपाय नाही. महाराष्ट्रात जुलै २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र अधिनियम लागू आहे, याचे स्मरण अशा प्रसंगी पंचायत सदस्यांनी ठेवणे इष्ट होय.

कायद्यातील स्थान

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत बंदरांवरील क्वारंटाइन हा विषय संघ सूचीत, सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरण्यास प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २७१ मध्ये क्वारंटाइनचा नियम मोडणाऱ्यास शिक्षा सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७३ ने घेतली आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही अशी आहे. तथापि हे कलम प्रामुख्याने वाहने आणि रोगग्रस्त ठिकाणांशी होणारे दळणवळण यांविषयी आहे. रोगाचा संशय असलेल्या व्यक्तीला वेगळे ठेवण्याचा अधिकार मुख्यतः १८९७ च्या साथरोग अधिनियमातून येतो.

वेगळे ठेवण्याचा आदेश सर्वांच्या लक्षात राहतो. सोडण्याचा कागद मात्र बहुधा कोणी काढीत नाही. समुद्रावरील व्यवहारात तसे नाही. बंदरात येणारे जहाज पिवळे निशाण चढविते. एके काळी पिवळ्या निशाणाचा अर्थ 'येथे रोग आहे' असा होता. आजच्या सागरी संकेतानुसार त्याच निशाणाचा अर्थ 'जहाज निरोगी आहे, प्रवेशाची अनुमती द्यावी' असा आहे. आरोग्याधिकाऱ्याने ती अनुमती दिली की जहाज धक्क्याला लागते आणि निशाण उतरते. ग्रामपंचायतीलाही असे करता येईल. 'यांचा रोग्याशी शेवटचा संपर्क अमुक तारखेस आला होता. त्यांचा क्वारंटाइनचा काळ अमुक तारखेस पूर्ण झाला असून या काळात त्यांना रोगाची लक्षणे आढळली नाहीत. त्यांच्या येण्याजाण्यावर आता कोणताही निर्बंध नाही.' एवढा मजकूर, खाली आरोग्य सेवकाची व सरपंचाची सही आणि त्याची एक प्रत गावच्या फलकावर. ज्या फलकावर आधी त्या कुटुंबाचे नाव लागले होते, त्याच फलकावर.